बाबा सिरीयस झाले तेव्हा

ही गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणून सांगितली जाते. लग्नाची पंगत उठली, पानसुपारी झाली की कुणीतरी म्हणतंच, "काकू, ती शारजाच्या फोनची गोष्ट सांग ना," आणि मी सांगते. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठल्या शब्दाला बायका पदर तोंडाला लावणार, हे सगळं मला पाठ झालं आहे. मीही त्यांच्याबरोबर हसते. पण अलीकडे सांगून झाल्यावर फार दमायला होतं. चालून दमतो तसं नव्हे, पाहुणे गेल्यावर रिकाम्या घरात दमतो तसं. म्हणून एकदा जशी घडली तशी लिहून ठेवते. यापुढे कुणी विचारलं तर हे कागद हातात देईन आणि पाय पसरून बसेन.

आमचं घर पावसच्या पुढे, खाडीच्या अंगाला. बाबांनी परदेशातून पाठवलेल्या पहिल्या कमाईतून बांधलेलं, जांभ्या चिऱ्याचं, पुढे पडवी, मागे विहीर, चार माड आणि दोन हापूसची कलमं. त्या घराचे आवाज अजून माझ्या कानांत आहेत. सकाळी कौलांवर वानरं उड्या मारायची आणि आई चुलीपासून न उठता, हातातला कालथा तसाच वर करून ओरडायची. मग घावण्याचं पीठ तव्यावर पडलं की चर्र आवाज. दुपारी भरतीच्या वेळी खाडीत एखादी लाँच आली की इंजिनाची धडधड, आणि ती ऐकून आई म्हणायची, "ह्याचा इंजिन खोकताहा. ह्यांनी ऐकला असता तर आता उठून गेले असते बंदरावर." बाबा लाँचींच्या इंजिनांचे मेकॅनिक होते. मी चौथीत असताना ते शारजाला गेले, एका अरबाच्या वर्कशॉपमध्ये. तिथे मालकाला अरबाब म्हणतात. बाबांच्या अरबाबाला सगळे अबू हमद म्हणायचे. दोन-तीन वर्षांनी एकदा बाबा रजेवर यायचे, घरभर अत्तराचा आणि नव्या प्लास्टिकचा वास सुटायचा, आणि तो वास जायच्या आत ते परत गेलेले असायचे.

एरवी बाबा आमच्या घरी कॅसेटमधून असायचे. आखातातून कोकणातलं कुणी मुंबईला उतरलं की त्याच्याबरोबर कॅसेट यायची. रात्रीची भांडी आटोपली की आई टेपरेकॉर्डर पाटावर ठेवायची, देवापुढे नैवेद्य ठेवतात तसा. बाबा त्यात सावकाश बोलायचे आणि मध्येमध्ये थांबायचे, जणू समोरचं माणूस उत्तर देणार आहे. आणि आई खरंच उत्तर द्यायची. "पाऊस कसा काय झाला?" असं टेपमधून आलं की आई म्हणायची, "झाला, झाला, लावणी आटपली." पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत तिचं उत्तर पुरं झालेलं असायचं. इतक्या वर्षांत तिला बाबांच्या थांबण्याची लांबी कळली होती. मला हसू यायचं, पण ते मी मनातच ठेवायची. आता माझी लेक दुबईहून व्हिडिओवर बोलते, तिचं स्वयंपाकघर, तिच्या खिडकीतलं ऊन, सगळं दिसतं, पण तिच्यामाझ्यात तसं थांबणं होत नाही. दोघी एकदम बोलतो आणि दोघी एकदम गप्प होतो.

घरात आम्ही तिघंच नव्हतो. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे भाऊकाका, आणि काकी शेजारच्या घरात राहत. अंगण एकच. भाऊकाकांनी सारी नोकरी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून काढली होती. निवृत्त होऊन गावी आले तरी त्यांचा पांढरा शर्ट आणि चकचकीत चपला तशाच राहिल्या. त्यांचं इंग्रजी इस्पितळातलं, पण पक्कं. ड्रेसिंग, सलाईन, डिस्चार्ज, सिरीयस. गावात कुणाला ताप आला तरी आधी भाऊकाकांना विचारत. बाबा नसताना घरातला पुरुष तेच. माझी कॉलेजची फी भरायला ते यायचे, विहिरीतला गाळ काढायला माणसं तेच लावायचे. आई त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी पडू द्यायची नाही, पण त्यांच्या आमटीत खोबरं जास्त घालायची.

मी रत्नागिरीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय इंग्रजी. सकाळची एसटी पकडायची, संध्याकाळची पकडून यायचं. माझं लग्न ठरलं होतं. मुलगा मोहन, देवरूखकडचा, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन, कमी बोलणारा. मला आवडला होता. परीक्षा एप्रिलमध्ये, लग्न वैशाखात, तोवर बाबा रजेवर येणार, असं सगळं दोन्हीकडून मान्य झालं होतं. मी एकुलती एक. बाबा गेली कित्येक वर्षं त्या एका दिवसासाठीच तिकडे उन्हात उभे होते, असं म्हटलं तरी चालेल. कॅसेटमध्ये ते दर वेळी विचारायचे, मांडव अंगणात की शाळेच्या पटांगणात? आणि आई दर वेळी टेपला सांगायची, "अंगणातच. शाळेत कशाला?"

मार्गशीर्ष सरत आला होता. मी त्या दिवशी कॉलेजला गेले नव्हते, अंगात कणकण होती म्हणून पडवीत पुस्तक घेऊन बसले होते. गावात फोन एकच, केशवशेटच्या किराणा दुकानात. भाऊकाका रोज सकाळी तिथे पेपर वाचायला जात. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर परत आले. फाटकाची कडी त्यांनी लावली नाही. एरवी कडी न लावणाऱ्याला ते ओरडायचे. अंगणात तुळशीपाशी उभे राहिले आणि त्यांनी काकींना हाक मारली, मग म्हणाले, "शैलाच्या आईला बाहेर बोलाव."

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"सदाच्या अरबाबाचा फोन आला होता," भाऊकाका म्हणाले. "त्यानं स्वतः केला. सदा सिरीयस आहे."

आईला इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं, पण हा शब्द तिला येत होता. रत्नागिरी जिल्ह्यात तो कुणाला येत नाही? सिरीयस म्हणजे सलाईन, सिरीयस म्हणजे मुंबईच्या मुलांना तार, सिरीयस म्हणजे तुळशीचं पान आणि गंगेची लोटी शोधून ठेवणं. आई खाली बसली. पीठ तिच्या गुडघ्यांना लागलं.

"नक्की काय म्हणाला, भाऊकाका?" मी विचारलं.

"सदाशिव व्हेरी सिरीयस मॅन. दोनदा म्हणाला. म्हणाला, यू हिज ब्रदर, यू मस्ट नो. प्रे फॉर हिम म्हणाला. आणखी काहीतरी बोलला, पण खरखर फार होती. मग लाईन तुटली."

ते 'मॅन' मी ऐकलं होतं. आज वाटतं की तिथेच अडकायला हवं होतं. पण अरबाची इंग्रजी मोडकीतोडकी असते हे आम्हाला बाबांकडून ठाऊक होतं, आणि भाऊकाकांनी तो शब्द इस्पितळात हजारदा ऐकला होता, दर वेळी एकाच अर्थानं. प्रार्थना करा असं डॉक्टर म्हणतो तेव्हा त्याच्या हातातलं सगळं संपलेलं असतं, हेही त्यांना माहीत होतं.

दुपारच्या गाडीने भाऊकाका आणि मी रत्नागिरीला गेलो. तारघरात कॉल नोंदवला, तारही केली. शारजात आमच्या गावचं दुसरं कुणीच नव्हतं, कुणाला विचारणार? बाकड्यावर तासन्‌तास बसलो. भाऊकाकांनी खिशातून खारे शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले, आणि ते तसेच माझ्या मुठीत ओले झाले. शेवटी कॉल लागला. काका आत गेले, दार अर्धं उघडं ठेवून. "सदाशिव! सदाशिव!" असे ते ओरडत होते. मग थांबले, ऐकलं, पुन्हा विचारलं, पुन्हा ऐकलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"कुणीतरी अरबीच बोलत होता," ते म्हणाले. "सदाशिव म्हटलं की म्हणतो, माफी. सदाशिव, माफी, माफी. माफी मागतोय गो तो."

आम्ही परतीची गाडी पकडली. पावसच्या उतारावर त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि रुमाल काढला. बाबा त्यांच्याहून लहान, आईवडील लवकर गेलेले, भाऊकाकांनीच मुंबईहून पैसे पाठवून त्यांना वाढवलेलं. त्यांच्या डोळ्यांसमोर काय काय येत असेल ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता माझं वय त्यांच्याएवढं झाल्यावर कळतं.

घरी आल्यावर निर्णय त्यांनी घेतला, आणि खरं सांगायचं तर दुसरा कुणी घेणारच नव्हता. पौष तोंडावर होता, पौषात लग्न लागत नाही. त्याआधी बाबांचं काही बरंवाईट झालं तर वर्षभर घरात शुभकार्य नाही. मुलाकडचे वर्षभर थांबतीलच असं कोण सांगणार? भाऊकाका पडवीच्या खांबाला टेकून आईशी बोलत होते, पण तिच्याकडे न बघता, अंगणाकडे बघत. "त्याचा जीव पोरीच्या लग्नात अडकलेला असेल. ते झालं तर सुटेल तरी, नाहीतर बरा तरी होईल. मी देवरूखला जाऊन बोलतो. तुझं काय म्हणणं आहे?"

आई म्हणाली, "माझा काय म्हणणा असणार, भावोजी? तुम्ही कराल तसा."

मी आत अंथरुणावर पडले होते. मला कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं. बाबा मरत होते. परीक्षा, मैत्रिणी, निवडून ठेवलेला शालू, ह्या सगळ्याचं त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. आईने त्या दिवसांत टेपरेकॉर्डर कपाटात ठेवून दिला. मी एकदा लावू का म्हटलं तर म्हणाली, "नको गो. उत्तर देऊक होवचा नाय माका."

मोहनच्या घरचे भले. त्याची आई म्हणाली, वडील असे असताना आम्ही मानपान काय बघायचे, होऊन जाऊ दे. त्याच आठवड्यात आमच्या अंगणात चार वासे रोवून मांडव पडला. कन्यादान काकाकाकींनी केलं. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींनाही घाई झाली होती, जणू शारजाची बातमी त्यांच्या मागोमाग चालत येत होती. सनई नाही, वाजंत्री नाही. बायका माझ्या केसांत अबोलीचा वळेसर माळताना रडत होत्या आणि कुणासाठी रडताहेत ते विचारायची गरज नव्हती. मोहन सप्तपदीच्या वेळी हळूच म्हणाला, "दमलीस?" लग्नातलं त्याचं तेवढंच बोलणं मला आठवतं.

लग्नानंतर रिवाजाप्रमाणे पाचपरतावणाला मी माहेरी आले. हातात हिरवा चुडा, अजून करकरीत, जरा हललं की वाजणारा. शारजाहून काहीच कळलं नव्हतं. तारेला उत्तर नव्हतं. घरात सगळे पावलं न वाजवता चालत. आई मला वाढत होती, कुळथाची पिठी आणि भात, आणि तेवढ्यात केशवशेटचा नोकर सायकल फाटकाला टेकवून आत आला. "शारजाचा फोन हाय. धा मिनटांनी परत लावतो म्हणाले. समद्यांना बोलवलानी."

आम्ही तिघं गेलो, आई, भाऊकाका आणि मी. आई चपला न घालताच निघाली. दुकानात गिऱ्हाइकं होती, केशवशेटनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. फोन वाजला. भाऊकाकांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "तू घे," मला म्हणाले. "मला नको आता ऐकायला."

मी रिसीव्हर उचलला.

"कोण? शैला? तू दुकानात कशी? कॉलेज नाही आज?"

कॅसेटमधला आवाज. फक्त आता तो माझ्यासाठी थांबत होता.  मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बरे आहात?"

"मला काय धाड भरलेय? खोरफक्कान बंदरावर होतो, एका लाँचीच्या इंजिनावर. कालच आलो. अगो, मी फोरमन झालो! अरबाबाने भाऊला सांगितलं ना? म्हणाला, मी स्वतः तुझ्या भावाला फोन करून सांगितलं, तू किती चांगला कामाचा माणूस आहेस ते. आणि रजा पास झाली. दोन महिने! सूट शिवायला टाकलाय मी. हसशील मला बघून मांडवात."

माझ्यासमोर आई उभी होती. तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं की माणूस जिवंत आहे. ती दुकानातल्या तांदळाच्या पोत्यावर बसली आणि पदर तोंडात कोंबला. भाऊकाका माझ्याकडे बघत होते, त्यांना अजून काही कळलं नव्हतं. आणि मला दिसलं की हे सांगणारी मीच आहे.

"बाबा," मी म्हटलं, "लग्न झालं."

"कुणाचं?"

"माझं."

 मग त्यांनी विचारलं, "कुणाशी?"

हा शब्द सांगितला की पंगतीत सगळ्यात मोठा हशा पिकतो. मीच तो तसा सांगते, डोळे मोठे करून. पण त्या दुकानात तो फार हळू आला होता. शिकलेल्या एकुलत्या एक मुलीने आपल्याला न सांगता काय केलं असेल, ते ऐकायची तयारी करून विचारल्यासारखा.

"मोहनशीच, बाबा. दुसऱ्या कुणाशी होणार?"

"मग माझ्यासाठी थांबला का नाहीत? मी येतो म्हटलं होतं ना."

"तुम्ही सिरीयस आहात असा फोन आला होता."

"कुणाचा?"

"तुमच्या अरबाबाचा."

 बाबा म्हणाले, "भाऊला दे."

भाऊकाकांनी रिसीव्हर घेतला. "सदा," एवढंच ते म्हणाले. तिकडून काय आलं ते मला ठाऊक नाही. ते मान हलवत राहिले, फोनमध्ये मान हलवलेली दिसत नाही हे विसरून. मग त्यांनी तो आईपुढे धरला. आई आयुष्यात कधी फोनवर बोलली नव्हती. तिने तो दोन्ही हातांनी कानाला लावला, बराच वेळ ऐकलं, आणि टेपशी बोलायची तशी म्हणाली, "जेवलात?"

वैशाखात बाबा आले. मोहनला आणि मला त्यांनी आदल्या दिवसापासूनच बोलावून घेतलं होतं. संध्याकाळी पडवी माणसांनी भरली. भाऊकाका मात्र आपल्या अंगणाच्या कडेला, कलमाखाली खुर्ची टाकून बसले होते. फोन झाल्यापासून ते दुकानात पेपर वाचायला जायचे बंद झाले होते. बाबांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "अरे, मी सिरीयस झालो त्याची गोष्ट ऐकलीत का?" आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. अबू हमदचा जाड आवाज काढून, हात वर करून. 'माफी' म्हणजे अरबांच्या बोलीत 'नाही', सदाशिव इथे नाही, एवढंच तो बिचारा फोनवर सांगत होता, आणि 'प्रे फॉर हिम' म्हणजे बढतीसाठी दुआ द्या, हे त्यांनी असं काही रंगवलं की काकीसुद्धा हसून हसून खाली बसल्या. "आणि आमचा भाऊ इथे रडतोय, की अरब माफी मागतोय!" सगळे वळून भाऊकाकांकडे बघू लागले. त्यांनाही हसावं लागलं. मग त्यांनी खुर्ची उचलली आणि ते पडवीत येऊन बसले. ह्या गोष्टीचा विनोद झाला तो तेव्हा, आणि तो बाबांनी मुद्दाम केला. हे मला पुष्कळ वर्षांनी उमगलं.

पण एक भाग त्यांनी पडवीत सांगितला नाही. तो मला एकटीला, विहिरीवर पाणी शेंदताना सांगितला. अरबांच्या भाषेत दोन शब्द आहेत, असं वर्कशॉपमधल्या एका मलबारी सोबत्याने बाबांना नंतर समजावलं होतं. दुखणं किंवा धोका मोठा असला तर ते म्हणतात खतीर. आणि माणूस मन लावून, टंगळमंगळ न करता काम करणारा असला तर म्हणतात जिद्दी. इंग्रजीत दोन्हीला सिरीयस. अबू हमदच्या मनात दुसरा होता, भाऊकाकांच्या कानात पहिला पडला. "पण गंमत तुला सांगू?" बाबा म्हणाले. "तो मला आल्यापासून जिद्दी म्हणतो. येता जाता, दुसऱ्यांच्या देखत. मला वाटायचं, हट्टी म्हणतोय. कुणाचं ऐकत नाही म्हणतोय. म्हणून मी कधी धडपणे रजा मागितली नाही. म्हटलं, आधीच ह्याच्या मनातून उतरलेलो आहोत, आणखी कशाला?"

त्यांनी कळशी उचलून कठड्यावर ठेवली. "इतकी वर्षं तो माझं कौतुक करत होता," ते म्हणाले. तक्रार नव्हती. हिशेब लागल्यावर माणूस म्हणतो तसं.

एप्रिलमध्ये मी परीक्षा दिली होती, बी.ए. झाले, आणि पुढे रत्नागिरीत आखाती देशांत जाणाऱ्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. ह्या एका शब्दाला मी एक अख्खा दिवस देते. अरब तुम्हाला सिरीयस म्हणाला तर घाबरू नका, घरी पेढे वाटायला सांगा. आणि वडील आजारी म्हणून रजा हवी असेल तर 'माय फादर इज सिरीयस' म्हणू नका. माझा एक विद्यार्थी तसं म्हणाला होता. मालकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, माशाल्ला, म्हणजे छान छान, म्हणाला आणि कामाला लावला. 'व्हेरी सिक' म्हणा, 'इन हॉस्पिटल' म्हणा. मुलं हसतात, आणि लिहून घेत नाहीत.

बाबांची रजा दोन महिन्यांची होती. तिसऱ्या आठवड्यातच त्यांनी मुंबईच्या गाडीचं तिकीट काढून आणलं. वर्कशॉपला माणूस नाही, म्हणाले. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "दोन महिने म्हणाला होतात."

"लग्नासाठी म्हणालो होतो," बाबा म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. आई सूप घेऊन उठली आणि आत गेली.

त्या दुपारी मोहन कामावर होता, मी माहेरीच होते. बाबा पडवीच्या पायरीवर बसले होते, त्यांचा चेहरा घडी न मोडलेल्या कापडासारखा. लग्नासाठी शिवलेला सूट अजून पिशवीतून बाहेर निघाला नव्हता. मला त्यांनी शेजारी बसायला सांगितलं आणि म्हणाले, "सांग."

"काय?"

"लग्न. पहिल्यापासून सांग. घाई करू नको."

मी सांगायला लागले. मांडव कुठून कुठवर होता ते हाताने दाखवलं. जेवायला काय होतं ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं, वरणभात, काळ्या वाटाण्याची आमटी, बुंदी. बुंदी कुणी पाडली? अक्षता कुणी वाटल्या? अंतरपाट धरताना कुणाचा हात कापत होता का? मोहनला घाम आला होता का? भाऊने डोक्याला फेटा बांधला होता की टोपी? मला आठवत होतं तेवढं मी सांगत गेले, आणि सांगताना मला पहिल्यांदाच जाणवलं की माझं लग्न झालं होतं. ते मान खाली घालून ऐकत होते, मध्येमध्ये थांबवून एखादी गोष्ट पुन्हा विचारत होते. मी बोहल्यावर आले, गळ्यात माळ पडली, टाळ्या वाजल्या, तिथवर मी आले.

"आणि तुझी आई कुठे उभी होती?" बाबांनी विचारलं.

हे मी सांगणार नव्हते. पण त्यांनी सरळ विचारलं, आणि मी दमले होते.

"ती मांडवात नव्हती," मी म्हटलं. "कोठीच्या खोलीत होती. आपण आता कोणत्याही घडीला विधवा होणार, आपली सावली नवरीमुलीवर पडायला नको, म्हणून तिने आतून कडी घातली होती. सगळ्यांनी दार ठोठावलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिने उघडलं नाही."

 बाबांचं ह्या लग्नातलं जे गेलं ते त्यांनी इतके दिवस मोजलं असणार, पण तिचंही गेलं होतं, आणि ती इथेच, भिंतीपलीकडे होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते उठले. धोतराचा सोगा झटकला आणि आत गेले. आई चुलीपाशी होती. मला भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, मग बाबांचा आवाज, आणि मग तो थांबला. आईने लगेच उत्तर दिलं नाही.  मग आई रडायला लागली, मोठ्याने, गावाला ऐकू जाईल अशी. फोन आला त्या दिवसापासून ती एकदाही अशी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊकाका पांढरा शर्ट घालून पहिल्या गाडीने रत्नागिरीला गेले आणि बाबांचं तिकीट परत करून आले.